झाकायचं नेमकं कुठे?

केणी मास्तरांचं सत्तरीत पहिलंच चित्रप्रदर्शन होतं. उद्घाटनाआधी नगराध्यक्ष दादासाहेब एका चित्रापुढे थांबले. कोळसा, शाई आणि चहाच्या पाण्याने रंगवलेल्या काळोखात एक स्त्री पहुडली होती. पाच मिनिटं निरखल्यावर ते अश्लील असल्याचं दादासाहेबांच्या ध्यानात आलं.

"हिला झाका, नाहीतर प्रदर्शन बंद!"

मास्तरांनी कोळसा उचलला. "अश्लील दिसतंय तिथे बोट ठेवा, साहेब. तेवढंच झाकतो."

दादासाहेब चष्मा लावून वाकले. बोट जिथे जाई तिथे कोरा कागद.

"अहो, इथे काहीच काढलेलं नाही!"

"मी भोवतीचा अंधारच काढला. बाई तुम्ही काढलीत, साहेब. हात छान आहे तुमचा."

दादासाहेब ओशाळून हसले आणि समई पेटवायला वळले.