पहाऱ्याची भाकरी

खूप खूप जुन्या काळी, जेव्हा राजे होते, गड होते आणि सगळी माणसं भली होती असं आपण उगीच म्हणतो, त्या काळी एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव खाऊनपिऊन सुखी होतं. पेवं धान्यानं भरलेली, गोठे गुराढोरांनी भरलेले. आणि गावाला मोठा अभिमान एका गोष्टीचा होता: घाटातल्या चौकीवर लढलेला शेवटचा शिपाई आपल्या गावात राहतो!

त्याचं नाव सटवाजी. त्याच्या तरुणपणी गनीम घाट उतरू लागला, तेव्हा चौकीतल्या मूठभर गड्यांनी त्याला अडवून माघारी परतवलं. बाकीचे सगळे तिथंच पडले. सटवाजी तेवढा उरला, तोही एका पायानं अधू होऊन.

म्हणून दरवर्षी विजयाच्या दिवशी गाव त्याचा मान करी. हलगी वाजे, त्याच्या डोक्याला नवं केशरी पागोटं बांधलं जाई. मग खपली गव्हाच्या खिरीची मोठी काहील चुलवणावरून उतरली की वाढायचं ओगराळं त्याच्या हाती देत. वीराच्या हातची खीर खाल्ली की वर्ष बरं जातं, अशी गावाची श्रद्धा. साऱ्या गावाला वाढायचं आणि सगळ्यांत शेवटी आपण खायचं, हा त्याचा मान. लोक लेकरांसाठी, नांदायला गेलेल्या लेकींसाठी, एवढंच काय, आजारी म्हशीसाठीसुद्धा खीर मागून नेत. आता तुम्हीच सांगा, अशा काहिलीत शेवटच्या माणसाला काय उरणार? पण गाव खूश होतं. "मान द्यावा तर आमच्याच गावानं," असं पाटील मिशीवर ताव देत म्हणायचा.

पाटलाची बायको राहीबाई. काहील तिच्या घरची, त्यामुळे घासायचं कामही तिचंच. तळाला करपलेली खरवड अशी घट्ट बसलेली असायची की रात्रभर पाणी घालून भिजवावी लागे. एका वर्षी मात्र तिनं काहिलीत पाहिलं, तर तळ लख्ख. करपलेली खरवडसुद्धा कुणीतरी नखांनी ओरबाडून नेली होती.

"कुत्र्यानं चाटली असंल," पाटील म्हणाला.

राहीबाईनं काहिलीच्या कडीला अडकलेला केशरी धागा सोडवून त्याच्यापुढं धरला. "कुत्रं पागोटं बांधतं व्हय?"

"काय तरीच तुझं! रोज त्येच्या छपरातनं धूर निघतो की. चूल पेटती म्हंजी भाकरी होतच असणार."

सारं गाव तेच म्हणत होतं. सटवाजीच्या छपरातून धूर दिसला की गावाचा जीव निवांत. पण राहीबाईला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पदराखाली भाकरी आणि वाटीत कालवण घेऊन ती घाटाच्या अंगाला असलेल्या त्याच्या खोपटात गेली.

चूल पेटलेली होती. ओल्या काटक्यांचा भरपूर धूर झाला होता. चुलीवर मात्र काहीच नव्हतं. पिठाचं मडकं पालथं होतं, आणि भिंतीला टेकवलेल्या तव्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

सटवाजी गडबडीनं उठून उभा राहिला. "ये, सूनबाई. आत्ताच जेवलो बघ."

"कशात केली भाकरी, बाबा? त्या जाळ्यात?"

म्हाताऱ्याची मान खाली गेली. "मागं दोर वळून पोट भरायचो. आता हात थरथरत्यात."

"मग ह्यो धूर कशाला?"

"त्यो गावासाठी. माझ्या घरचा धूर दिसला न्हाई, तर लोकांना वाईट वाटंल. एवढा मान करत्यात बिचारे."

राहीबाईला रडू आवरेना. तिनं भाकरी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती हलकेच मागं सारली. "नगं. शिपायानं चाकरीबिगर खाल्लेलं अन्न अंगी लागत न्हाई. मी हात पसरणार न्हाई."

बोलताना त्याला धाप लागत होती. मनगटं काटकुळी झाली होती. हा माणूस पुढचा विजयाचा दिवस बघणार नाही, हे तिला कळून चुकलं. बळजबरी केली तर मान जाईल, आणि नाही केली तर माणूस जाईल. ती उंबऱ्यावर बसून राहिली. समोर घाट दिसत होता. सटवाजीचं अंथरूणही घाटाकडं तोंड करूनच घातलेलं होतं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बाबा, चौकीत भाकऱ्या कोण करायचं?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "पाळीपाळीनं समदेच. पर पहिली भाकरी पहाऱ्यावरच्याची. त्येच्या आधी आमचा नाईकसुदिक घास घेत नसं. उपाशी पहारेकऱ्याची नजर चुलीकडं जाती, आन् गनीम तेवढ्यात आत येतो."

"आन् पहारा उठायचा कवा?"

"नाईक येऊन 'ऊठ गड्या' म्हनला की."

"त्या दिवशी पहाऱ्यावर कोण हुतं?"

"मीच."

"मग तुमास्नी नाईकानं उठवलं?"

सटवाजीनं घाटाकडं बोट केलं. मग हळूच म्हणाला, "नाईक घाटातच पडला, सूनबाई. मला उठवायला कुनी उरलंच न्हाई."

"म्हंजी तुमचा पहारा अजून उठलेला न्हाई," राहीबाई म्हणाली. "आमी रोज रातीला निवांत निजतो, ते तुमच्या पहाऱ्यावर. आन् रोज तुमच्या आधी जेवतो. रीत आमी मोडली, बाबा. ही भाकरी दान न्हाई. पहाऱ्याची हाय, आन् यायला लई उशीर झालाय."

म्हाताऱ्यानं भाकरी जवळ ओढली, मोडली, कालवणाला लावली आणि पहिला घास तोंडात घातला. डोळ्यांतलं पाणी वाटीत पडत होतं, तरी तो जेवत राहिला.

राहीबाईनं घरी येऊन सगळं सांगितलं, तेव्हा पाटलाचा मिशीवरचा हात खाली आला. "आपन उपाशी माणसाकडनं वाढून घेतलं," एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तव्यावरची पहिली भाकरी घेऊन तो स्वतः खोपटात गेला.

तेव्हापासून गावानं पाळी लावून घेतली. ज्या घरची पाळी, त्या घरची पहिली भाकरी सटवाजीकडं जाई. ती पोचल्याशिवाय त्या घरात कुणी पानावर बसत नसे. ही वार्ता पंचक्रोशीत पसरली. मग लोक आपापल्या गावात नुसता धूर बघून थांबेनात; आत जाऊन चुलीवर काय आहे ते बघू लागले. कुठं थकलेला शिपाई सापडला, कुठं लढाईत पडलेल्याची विधवा सापडली. जिथं जिथं चूल रिकामी निघाली, तिथं तिथं पहाऱ्याची भाकरी जाऊ लागली.

पुढच्या विजयाच्या दिवशी सटवाजी पाटावर बसला होता. ओगराळं पाटलाच्या हाती होतं, आणि पहिलं पान सटवाजीचं होतं. त्यानं खीर खाल्ली, पुन्हा मागून घेतली, आणि सावकाश ढेकर दिली. सारं गाव हसलं.

संध्याकाळी राहीबाईनं काहिलीत डोकावून पाहिलं. तळाला खरवड घट्ट चिकटलेली होती, तशीच, कुणाचंही नख न लागलेली. तिनं आनंदानं काहिलीत पाणी ओतलं.

मुलांनो आणि थोरांनो, या गोष्टीतून गाठीला बांधायचं ते एवढंच: ज्यांनी आपल्यासाठी पहारा केला, त्यांच्या डोक्याला पागोटं बांधण्याआधी त्यांच्या चुलीवर भाकरी आहे का, ते बघावं.