गोजाई म्हणाली, दाखवा

फार वर्षांपूर्वी, बंधाऱ्याची भिंत अजून नवी होती तेव्हा, निमखेडात गोजाई नावाची बाई दवंडी द्यायची. नवऱ्यामागं त्याची हलगी तिच्या गळ्यात आली होती. पंच चावडीचं दार लावून बसायचे, काय ते ठरवायचे आणि सांगायचं तेवढंच गोजाईच्या कानावर घालायचे. मग ती हलगी वाजवत गावभर ओरडून सांगायची. तिचा आवाज ऐकून नदीपलीकडची गुरंसुद्धा माना वर करायची, असं म्हणतात.

एका वर्षी पाऊस चांगला झाला, तरी खालच्या शेतांना पाटाचं पाणी येईना. पाटील गोजाईला म्हणाले, "सांग गावाला, बंधाऱ्यात पाणी कमी आहे." तिनं सांगितलं.

गावाला ते पटेना. पाऊस तर सगळ्यांनी पाहिलेला, मग पाणी गेलं कुठं? खालचे म्हणू लागले, वरचे पाट फोडतात. वरचे म्हणू लागले, खालचेच एकमेकांचं चोरतात. शेजारी शेजाऱ्याच्या पायांवरचा चिखल न्याहाळू लागला. कुणाकडे पाहुणा आला तरी वाटायचं, हा टेहळणीला आलाय. त्यातच पाटलांनी बंधाऱ्यावर राखणदार बसवले. मग तर संशयाला ऊतच आला. शेवटी खंडू आणि लखू, एका ताटात जेवणारे सख्खे भाऊ, बांधावर भिडले. त्यात लखूचा डोळा गेला.

लखूची बायको पारू गोजाईच्या दारात येऊन उभी राहिली.

"पाणी कमी आहे म्हणालीस. तू पाहिलंस?"

गोजाईनं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिला स्वतःच्याच आवाजाची शिसारी आली.

ती तडक चावडीवर गेली. "पाटील, मला बंधारा दाखवा."

"तुझं काम ओरडायचं. चावडीतलं चावडीत राहू दे."

"बंधाऱ्याचे दगड गावानं डोक्यावरून वाहिलेत. दाखवा, मग सांगते."

पाटील चिडले. त्यांनी हलगी काढून घेतली आणि दुसऱ्याच्या गळ्यात घातली. पण त्यानं कितीही बडवली तरी तिच्यातून आवाज म्हणून निघेना, असं म्हणतात. शेवटी भिऊन त्यानं ती गोजाईच्या उंबऱ्यावर आणून ठेवली.

मग भर दुपारी गोजाई हलगी वाजवत बंधाऱ्याकडे निघाली. मागून गाव निघालं, एकमेकांवर नजर ठेवत, कुणी कुणाला पुढं जाऊ न देता. भिंतीपाशी राखणदारांनी काठ्या आडव्या धरल्या. गोजाई थांबली नाही. तिनं अशी हलगी वाजवली की भिंतीच्या पायथ्याशी रचलेला काट्यांचा ढीग थरथरला आणि आपोआप घसरून पडला, असं म्हणतात.

मागं भगदाड होतं. वासरू सहज आत जाईल एवढं. त्यातून पाणी खळखळत ओढ्याला मिळत होतं. कुणीच काही चोरलं नव्हतं.

मागून आलेल्या पाटलांनी पागोटं काढलं. "भिंत आम्हीच उभी करून घेतली होती. खचली. म्हटलं, गाव आम्हाला नावं ठेवील. गुपचूप बुजवू."

"आणि लखूचा डोळा?" गोजाईनं विचारलं.



गावानं मिळून भगदाड बुजवलं, पण खालचं पीक गेलं ते गेलंच. खंडूनं जन्मभर भावाचं शेत कसलं, तरी लखूनं पुन्हा त्याच्या ताटात हात घातला नाही. गोजाई म्हातारपणी एका धुक्याच्या सकाळी भिंतीवरून चालत गेली ती परत दिसली नाही. नुसती हलगी ऐकू येत राहिली, असं म्हणतात.

आजही पाणी सोडायच्या दिवशी सगळं निमखेड बंधाऱ्यावर जमतं. सरपंच बाजूला उभे राहतात. पाटाच्या शेवटच्या शेतातलं माणूस आधी खाली उतरतं, भिंत हातानं चाचपतं आणि ओरडतं, "गोजाई, पाहिलं!" तोवर दरवाजा उचलत नाहीत. पंचायतीतही कुणी, अगदी परगावच्या माणसानं जरी "दाखवा" म्हटलं, तरी जे असेल ते त्याच्यापुढं ठेवतात. तुला कशाला हवंय, असं त्याला विचारत नाहीत. कुणी चुकून विचारलंच, तर सगळं गाव त्या विचारणाऱ्याच्याच तोंडाकडे बघू लागतं.