पवळीची एकादशी

"म्हणजे, आज सकाळपासून तिच्यापुढं काहीच टाकलं नाहीस?"

"कसं टाकणार, बुवा? आज एकादशी आहे."

धोंडीबुवा गोठ्याच्या दारातच थांबले. आत पवळी बसलेली होती. गाभण, दिवस भरत आलेली, आणि तरीही बरगड्या दिसणारी.

"बरं," बुवा म्हणाले.

पद्माकरला वाटलं, बुवांना पटलं. स्वतःबद्दल चांगलं वाटून घ्यायला त्याला फारसं निमित्त लागत नसे.

बुवा गेला महिनाभर मठात नव्हते. नदीपलीकडं त्यांचे गुरुबंधू अंथरुणाला खिळले होते, त्यांच्या सेवेला ते गेले होते. जाताना मठ आणि गुरं पद्माकरच्या हवाली केली होती. पद्माकर मठातला सगळ्यात कडक चेला. एकादशी, प्रदोष, चतुर्थी, सोमवार, शनिवार... एकही उपास त्याच्या तावडीतून सुटत नसे. बुवांची पाठ वळली आणि त्याच्या मनात आलं, मठाचा नेम म्हणजे मठातल्या सगळ्यांचाच नेम. मग गोठा तेवढा का वगळायचा?

झालं. गोठ्यालाही उपास लागले. सरकीची पेंड राजस अन्न ठरली आणि पेंडीच्या खोलीला कुलूप बसलं.

बाकीची गुरं दिवसा माळावर जात. बांधावरचं वाळकं गवत, शेंगांची टरफलं, ज्वारी काढलेल्या रानातली धाटं, काही ना काही त्यांच्या तोंडाला लागे. त्यांनी आपला फराळ परस्पर उरकून घेतला. पवळीचे दिवस जवळ आलेले म्हणून तिला गोठ्यातच ठेवलेलं. तिला मात्र एकूण एक उपास अगदी शास्त्रशुद्ध घडला.

नाव झालं, हे खरं. 'धोंडीबुवांच्या मठातली गुरंसुद्धा एकादशी करतात' असं आसपासच्या गावांत पसरलं. माणसं बघायला येऊ लागली. गाईला हात जोडत आणि पद्माकरच्या पाया पडत. रिकामी गव्हाण बघून कितीजणांचे डोळे भरून आले. भक्तीनं.

आणि काल संध्याकाळी पवळी खाली बसली, ती उठलीच नाही.

"तुम्ही काळजी करू नका, बुवा," पद्माकर म्हणाला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "मी नेम धरलाय. ती उठेपर्यंत पाण्याचा थेंबही घेणार नाही. गावात सगळ्यांना सांगितलंय."

"सगळ्यांना?"

"हो."

बुवांनी गोठ्यात नजर फिरवली. पवळीसमोर एक घोंगडी अंथरलेली होती. घोंगडीवर जपमाळ. शेजारी हार आणि दोन नारळ.

"नारळ गाईला आलेत?"

"नाही... मला."

"हं."

बुवांनी पडशी खुंटीला अडकवली. पवळीजवळ जाऊन ते शेणातच बसले. तिचा कान हातात घेतला. कान गार होता.

"हंबरत होती का रे?"

"हंबरायची ना. सुरुवातीला तर फार. मला नामस्मरणच वाटायचं, बुवा."

"आणि मग?"

"मग थांबली..."

"तेव्हा काय वाटलं तुला?"

पद्माकर घुटमळला. त्याचा आवाज खाली आला.

"मौन."

बुवांनी डोळे मिटून घेतले.

बाहेर ऊन चढायला लागलं होतं. पवळीनं एक लांब श्वास सोडला आणि मान जमिनीवर टाकली. पद्माकरनं ते पाहिलं. रात्रभर तो तिच्यासमोर बसला होता, पण डोळे मिटून. तिच्या डोळ्यांखाली सुकलेले ओघळ होते, ते त्याला आत्ता दिसले.

"बुवा... जगेल ना ही?"

"आज दिवस मावळायच्या आत पायांवर उभी राहिली तर जगेल. पोटातलंही जगेल." बुवा तिच्या मागच्या पायावरून हात फिरवत होते. "अशीच पडून राहिली तर पाय मरतील. आणि पायांमागं ती."

पद्माकर उठला आणि धावला. कुलूप काढता येईना म्हणून त्यानं दगडानं फोडलं. पेंडीची पाटी काठोकाठ भरून, धापा टाकत तो परत आला.

"परत ने."

"बुवा?"

"उपाशी ठेवून मारायचं राहिलं, ते आता खायला घालून मारतोस? एवढी पेंड त्या पोटाला झेपेल का? जा, चुलीवर पाणी ठेव. गूळ घे."

पद्माकरनं कोमट पाण्यात गूळ कालवला आणि बादली पवळीच्या तोंडाशी धरली. तिनं नाक बुडवलं. बाहेर काढलं. पद्माकरचा जीव टांगणीला लागला. मग तिनं पुन्हा तोंड घातलं, आणि बादलीतलं पाणी कमी व्हायला लागलं.

"पितेय, बुवा! पितेय!"

"दिसतंय मला. ओरडू नको, दचकेल ती."

पाण्यानंतर ज्वारीची पातळ पेज. पेजेनंतर कडब्याची बारीक कुट्टी, वर मूठभर पेंड. बुवांनी तिला कूस बदलायला लावली, तिच्या अंगाखाली वाळका पाला पसरवून घेतला, आणि दोघांनी मिळून तिचे पाय चोळचोळ चोळले. कान थोडे ऊबदार झाले. पण उठायचं काही ती मनावर घेईना.

तेवढ्यात मठाला लागून ज्यांचं रान होतं ते गफूरमामू आले. बुवांनीच निरोप धाडला होता. बरोबर दोन पुतणे, दोन दणकट बांबू आणि पोती.

"बुवा, लई खंगलं की हो जनावर," मामू म्हणाले. पद्माकरकडं त्यांनी पाहिलं नाही. तेवढा त्यांचा मोठेपणा.

पोती पवळीच्या छातीखालून आणि पोटामागून घातली. पोत्यांची टोकं बांबूंना बांधली. एका बाजूला मामू आणि एक पुतण्या, दुसऱ्या बाजूला दुसरा पुतण्या आणि पद्माकर. बुवा म्हातारे, ते तोंडाशी उभे राहिले.

"हं... उचला!"

पवळीचा मागचा भाग वीतभर उचलला गेला. आणि पद्माकरच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. बांबू सुटला. पवळी धपकन खाली बसली आणि पद्माकर तिच्या पाठीवर आडवा झाला.

"बुवा," मामू कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "गाय उचलायची का चेला, ते आधी ठरवा. दोन्ही एका येळेला जमायचं न्हाई."

पुतणे हसले. पद्माकर भिंतीला टेकून बसला.

बुवांनी मामूंकडं हात पुढं केला. "तुमची शिदोरी आणलीय का?"

"हाय की. पण..." मामूंनी पंच्यात बांधलेली भाकरी काढली आणि ते घुटमळले. "बुवा, आज तुमची एकादशी ना?"

"द्या."

धोंडीबुवांची एकादशी आजवर कधी चुकली नव्हती. तापानं फणफणले असतानाही चुकली नव्हती, हे सगळा परिसर जाणून होता. त्या बुवांनी भाकरी मधोमध मोडली. अर्ध्या भाकरीचा तुकडा चटणीला लावला आणि तोंडात टाकला. ती अर्धी नीट चावून संपवली.

पुतण्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

उरलेली अर्धी भाकरी बुवांनी पद्माकरपुढं धरली.

"घे."

"बुवा... एकादशी!"

"ठाऊक आहे. म्हणून तर अर्धीच खाल्ली."

"आणि माझा नेम? ती उठेपर्यंत... सगळ्या गावाला सांगितलंय मी."

"गाव येणार आहे का तिच्या पोटाखाली खांदा लावायला?"

पद्माकरला फार राग आला. मग तो राग नसून लाज आहे हे त्याला कळलं, आणि तेव्हा तर जास्तच आली. त्यानं पवळीकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच पाहत होती. कुणी खात असलं की जनावर पाहतं तसं, साधं.

त्यानं भाकरी घेतली.

पहिला घास घशाखाली उतरेना. बुवांनी तांब्या पुढं केला. तो पाणी प्यायला. दुसरा घास उतरला. तिसऱ्या घासाला त्याचे डोळे घळाघळा वाहू लागले.

"चटणी तिखट आहे," तो म्हणाला.

"असू द्या," मामू म्हणाले. "आमच्या चटणीवर समदेच ढकलतेत."

भाकरी संपल्यावर बुवांनी त्याला गूळ दिला. पवळीच्याच ढेपेतला. मग त्याला आणि पवळीलाही जरा वेळ पडू दिलं. सावल्या लांबायला लागल्या तशी मंडळी पुन्हा उठली.

"उचला!"

या खेपेला मागचे पाय सरळ झाले. पण पुढं ती गुडघ्यांवर अडकली. लटलट कापू लागली. आता बसली तर पुन्हा तिला हुरूप येणार नाही, हे सगळ्यांनाच कळत होतं.

"पद्या, खाली शिर!" बुवा ओरडले. महाराज म्हणवून घेणाऱ्या पद्माकरला आजवर कुणी पद्या म्हटलं नव्हतं.

पद्यानं बांबू पुतण्याच्या हाती दिला, खाली शिरून तिच्या छातीखाली खांदा लावला आणि सगळं बळ एकवटून वर रेटा दिला. त्याच्या तोंडून भलतेच आवाज निघाले. एक पाय टेकला. मग दुसरा...

पवळी उभी राहिली.

कुणी हललं नाही. ती झुलत होती, चारही पाय फाकवून. पद्माकर तिच्या कुशीला गाल टेकून उभा होता. सोडलं तर पडेल, या भीतीनं तो हात काढत नव्हता. आणि तेवढ्यात तिच्या पोटातून त्याच्या गालावर आतल्या आत एक लाथ बसली.

"बुवा!" तो किंचाळलाच. "आत हललं! मला लाथ मारली!"

"मारणारच," बुवा म्हणाले. "त्याचंही जेवण तूच बंद केलं होतंस."

पवळीनं शेपूट वर केलं आणि कधीपासून अडकलेलं मूत मनसोक्त सोडलं. पद्माकरचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. मामू हसले, पुतणे हसले, बुवांना हसता हसता ठसका लागला, आणि पद्माकर भिजल्या धोतरानं हसत आणि रडत तिथंच उभा राहिला. मग पवळीनं मान वळवली, गव्हाणीतली कुट्टी तोंडात घेतली आणि चावायला लागली. तो चावण्याचा आवाज पद्माकर ऐकत राहिला.

दिवस मावळायला गावातली मंडळी आली. हार घेऊनच आली. गाय उभी दिसल्याबरोबर त्यांनी जयजयकार केला.

"महाराजांच्या व्रतानं उठली! निर्जळी व्रतानं!"

हार पद्माकरच्या गळ्यापर्यंत आला. त्यानं तो हातानं अडवला. बुवांकडं पाहिलं. बुवा दुसरीकडंच पाहत होते.

"मी भाकरी खाल्ली," पद्माकर म्हणाला.

"काय?"

"मी आज भाकरी खाल्ली. मामूंची. पाणीही प्यालो. म्हणून तिला उचलता आलं." तो थांबला. "आणि ती बसली होती ती माझ्यामुळं. तिची एकादशी नव्हती. मी तिला उपाशी ठेवलं होतं."

मंडळी एकमेकांच्या तोंडाकडं पाहू लागली. कुणीतरी घसा खाकरला. एकानं आणलेला नारळ हळूच पिशवीत परत टाकला. थोड्या वेळानं अंगण रिकामं झालं.

पद्माकर पायरीवर बसला. त्याची अब्रू गेली होती, नेम मोडला होता, धोतराला वास येत होता. आणि इतकं हलकं त्याला आजवरच्या एकाही उपासानं वाटलं नव्हतं.

मागं पवळी रवंथ करत होती. मामूंच्या रानातून नव्या कडब्याच्या पेंढ्या यायच्या होत्या, त्यातली पहिली गाडी मठाची, असं मामू जाताना सांगून गेले होते. तिला उद्याही हात द्यावा लागणार होता, परवाही. पण पाय जागे झाले होते.

पद्माकर उठून आत गेला. त्यानं दावं उचललं, पवळीच्या गळ्यात घातलं आणि गाठ मारता मारता थांबला.

"बुवा..."

"बोल."

"मग उपास करूच नये का?"

"करावा की."

"कुणी?"

बुवांनी त्याच्या हातातल्या दाव्याकडं पाहिलं.

"ज्याच्या गळ्यात दावं नाही, त्यानं."