अमीनाबीच्या दोन भाकऱ्या

एका संस्थानच्या पोथीशाळेत पावसाळ्यात बुरशी शिरली. अमीनाबी अत्तारीण म्हणाली, "पेट्यांत लवंगतेलाचे बोळे ठेवा, उरलेल्या पोथ्या वाचतील."

राजवैद्य गुंडोशास्त्री भडकले. "वासानं कुठं बुरशी हटते? ही भोंदू बाई गावाबाहेर घालवा!"

राजेसाहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात खरं करून दाखवायचं, नाहीतर गाव सोडायचं. अमीनाबीची तेल काढायची भट्टी त्या गावात तीन पिढ्यांची होती.

तिनं भर दरबारात दोन ताज्या भाकऱ्यांवर पाणी शिंपडलं आणि त्या दोन बरण्यांत ठेवल्या. एका झाकणाला आतून तेलाचा बोळा बांधला. राजेसाहेबांनी दोन्ही बरण्यांवर मोहोर लावली.

आठव्या दिवशी बरण्या उघडल्या. एक भाकरी काळी-हिरवी, केसाळ झालेली. बोळ्याखालची मात्र स्वच्छ.

शास्त्री हार मानतात होय? "दिसण्यावर जाऊ नका! बुरशी दोन्हींत सारखीच आहे. हिच्यातली दिसत नाही, एवढंच!"

अमीनाबीनं स्वच्छ भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. शिळा होता, तरी चावून गिळला. मग दुसरी बरणी अदबीनं पुढं सरकवली.

"दोन्ही सारख्याच ना, शास्त्रीबुवा? मग ही आपण घ्या."

शास्त्रीबुवा उपरणं नाकाशी धरून दोन पावलं मागं सरले. दरबार खो खो हसला.

"पोथीशाळेची किल्ली अमीनाबीकडं द्या," राजेसाहेब म्हणाले.

आठ दिवसांत पहिल्यांदाच अमीनाबीनं मोकळा श्वास घेतला.