जोडलेली नस

"पण सर, रिपोर्टमध्ये नाही ते तुम्हाला दिसलं कसं?"

डॉ. सर्वेश निमकरने विचारलं तेव्हा डॉ. भोगले एमआरआयची फिल्म उजेडाकडे धरून उभे होते. सर्वेश त्यांच्याकडे मणक्याच्या शस्त्रक्रिया शिकायला आलेला. हात हुशार होता, आणि ते त्याला ठाऊक होतं.

उद्याच्या रुग्ण कलावती शिरदवाडे. डाव्या पायात कळा, पाऊल उचलेना. रिपोर्टमध्ये एवढंच होतं, की गादी सरकली आहे.

भोगल्यांनी फिल्मवर बोट ठेवलं. उजवीकडे दोन नसा वेगवेगळ्या निघत होत्या. डावीकडे एकच, जाड.

"जन्मापासून जोडलेल्या आहेत. सव्वीस वर्षं प्रत्येक फिल्ममध्ये मी हेच शोधतोय."

"का, सर?"

भोगल्यांनी फिल्म खाली ठेवली आणि थोडक्यात सांगितलं. शेवंता घोलप म्हणून एक बाई होत्या, शाळेत लेझीम शिकवायच्या. त्यांची नसही अशीच. भोगल्यांना ती ओळखू आली नाही. गादी काढताना त्यांनी ती बाजूला ओढली. त्यानंतर बाईंना ते पाऊल कधीच उचलता आलं नाही.

तेव्हाची यंत्रंच तशी, असं सर्वेशच्या मनात आलं. आपल्या हातून असं व्हायचं नाही.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेत ती जाड नस समोर आली. सरकलेल्या गादीचा तुकडा तिच्याखाली होता. सर्वेशने नस हलकेच सरकवून पाहिली. सरकेना. त्याने जोर वाढवला, तोच भोगल्यांचा हात त्याच्या मनगटावर आला.

"हलत नाही, सर."

"ती नाही हलायची. तिच्यासाठी हाड हलव."

सर्वेश दीड तास हाड कोरत राहिला. नसेभोवती मोकळी जागा झाली, आणि तिला न ओढता तुकडा निघाला.

तिसऱ्या दिवशी कलावतीबाईंनी पाऊल उचललं. थोडंच, पण उचललं. मग पुन्हा पुन्हा उचलून त्या स्वतःच बघत राहिल्या.

वॉर्डातून बाहेर पडताना सर्वेशला राहवलं नाही. आता तरी सरांच्या मनाला स्वस्थता मिळाली असेल, असं तो म्हणाला.

भोगले जिन्यापाशी थांबले.

"घोलपबाई अजून लेझीम शिकवतात, सर्वेश. खुर्चीत बसून... पावलं तोंडानं सांगतात."