वळणापलीकडचा चर

"हा चर कुणी खणला?"

सायकलवाल्या पोरांचा शार्दूल बूट न काढताच देवळाच्या पायऱ्या चढून आला होता. अंगात जाकीट, डोक्यावर अजून हेल्मेट, तोंड लालबुंद.

"मी," उमेदगिरी बाबा म्हणाले. ते पिंडीवर पाणी घालत होते.

"कशाला?"

"पावसाचं पाणी वाटेवरून धावतं. वाटच वाहून जाते. म्हणून आडवा चर. दरवर्षी खणतो."

"वळणाच्या पलीकडे? अंगावर येईपर्यंत दिसतसुद्धा नाही तो! माझा माणूस पडलाय त्यात. मांडीचं हाड मोडलंय. गावातल्या लोकांनी आत्ता झोळीत घालून खाली नेला त्याला, दवाखान्यात."

बाबांचा हात थांबला. "कोण?"

"निनाद. माझ्या ग्रुपमधला. ह्या पोरांना डोंगरात सायकल चालवायला मी शिकवतो. आजवर माझ्या ग्रुपमध्ये कुणाला साधं खरचटलं नव्हतं!"

मी शेजारी चंदन उगाळत बसलो होतो. माझं डोकंच फिरलं. सायकली उधळायच्या तुम्ही आणि जाब विचारायचा म्हाताऱ्याला? चांगलं झाडणार होतो त्याला. बाबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. बसलो गप.

"तू कुठे होतास?" बाबांनी विचारलं.

"पुढे. मीच पुढे असतो."

"म्हणजे चर तुला आधी लागला."

"लागला."

"मग?"

"मग काय? गेलो वरून. मला येतं ते, त्याला नाही आलं. पण म्हणून वाटेत खड्डा ठेवायचा का? आजच्या आज बुजवा तो. नाहीतर मी तक्रार करणार, आधीच सांगून ठेवतो."

काय ती मग्रुरी! देवाच्या दारात उभं राहून धमकी देतोय.

 बाबांनी पळीभर तीर्थ घेतलं आणि त्याच्यापुढे धरलं.

कितीही चिडलेला असला, तरी पळी समोर आल्यावर शार्दूलने हात पुढे केला.

डावा.

पळी तशीच राहिली...

"उजवा," बाबा म्हणाले.

"राहू द्या. मला नकोय."

"उजवा काढ."

उजवा हात मघापासून जाकिटाच्या खिशात होता. माझ्या ते आत्ता लक्षात आलं. त्याने तो हळूहळू बाहेर काढला. मनगट टम्म सुजलं होतं. तळव्याची कातडी सोलवटली होती आणि त्यात लाल माती तशीच भरलेली होती.

"कुठे पडलास?"

शार्दूल हात पुन्हा खिशात घालायला लागला.

"अरे, कुठे पडलास?" बाबा ओरडले. सगळ्या देवळात आवाज घुमला.

"त्याच चरात."

"तुमच्यात पुढचा पडला तर काय करायचं असतं?"

"तिथेच थांबायचं. हात वर करायचे आणि मागच्यांना ओरडून सांगायचं."

"ओरडलास?"

"...कुणी बघितलं नव्हतं, बाबा. पटकन उठलो, माती झटकली आणि निघालो."

"मागून तो येतोय हे ठाऊक होतं?"

"हो."

बाबांनी पळी ताम्हनात आपटली.  इतकी वर्षं त्यांच्याजवळ काढली, पण त्यांना एवढं संतापलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"झोळीत घालताना तो काय म्हणाला तुला?"

"माझीच माफी मागत होता. म्हणाला, सॉरी दादा, माझंच चुकलं. तुम्ही गेलात, मला नाही जमलं. आता परत सायकलला हात लावणार नाही..."

"आणि तू काय म्हणालास?"

शार्दूल डाव्या हाताने हेल्मेटचा पट्टा सोडायला लागला.

"काय म्हणालास?"

"म्हणालो... असू दे. होतं असं."

"माफ केलंस त्याला!"

शार्दूल तिथेच खाली बसला आणि रडायला लागला. खरं सांगतो, मला जराही दया आली नाही. तिकडे ते पोर मोडलेली मांडी घेऊन पडलंय आणि वर स्वतःलाच दोष देतंय. ह्याच्या रडण्याचं काय करायचं होतं आम्ही?

थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले. "बाबा, कुदळ द्या. मीच बुजवतो चर. आत्ता बुजवतो."

बाबांनी दंडाला धरून त्याला उभं केलं, पायरीपर्यंत नेलं आणि खाली जाणाऱ्या वाटेकडे बोट दाखवलं.

"आधी दवाखान्यात जा. त्याने तुझ्याकडे मागितलेली माफी त्याला परत देऊन ये."