सिंहासनाचा नवा पाय

सोनवळचा राजा रत्नभान भर दरबारात शिंकला आणि सिंहासनाचा एक पाय काडकन मोडला! सगळा दरबार तेव्हा मुजऱ्यासाठी वाकलेला. माना वर झाल्या, तेव्हा सिंहासन आडवं, मुकुट दाराशी आणि महाराजांचे पाय आढ्याकडे! मोडलेला पाय कोणता, हे बघायचं भान कुणाला?

"सिंहासनाची देखभाल कोणाकडे?" राजा जमिनीवरूनच गरजला.

"माझ्याकडे, महाराज," रवळू सुतार पुढं आला.

"देखभाल तुझी आणि आपटायचं मी? हो ओणवा! सिंहासन नीट होईपर्यंत मी तुझ्या पाठीवर बसून राज्य करणार!"

आणि खरंच बसला! खाली रवळू, वर राजा, दोन्ही बाजूंना चवऱ्या ढाळणारे. परमुलखाचे वकील आले. रिवाजाप्रमाणे त्यांनी सिंहासनाला नमस्कार केला. रवळूनं भिडेखातर एक हात उचलून उलट नमस्कार केला, तर सगळं राज्य डुगडुगलं!

बातमी कळताच रवळूची बायको शेवंती धावत आली. ती सुताराचीच लेक. करवत, रंधा, रोगण, सगळं हातातलं.

"महाराज, सिंहासन मी नीट करते. पण आमच्या धन्यांना मोकळं करा!"

"करीन की! अट एकच. कोणता पाय नवा, हे बघून कुणालाही ओळखता येता कामा नये. ओळखता आलं, तर तुझा नवरा जन्मभर सिंहासन!"

"अगं शेवंते," खालून आवाज आला, "जरा लवकर कर! महाराज आत्ताच जेवलेत!"

शेवंतीनं सिंहासन घरी आणलं. नवा सागवानी पाय घडवून बसवला. पण बाकीचे पाय जुनाट, काळपट, आणि हा एकटा गोरापान! तिनं लाखेच्या रोगणात काव, म्हणजे तांबडी माती, कालवून हात दिला. पाय गाजरासारखा लाल झाला. खरवडला. मग काजळ घातलं, तर तव्यासारखा काळा! पुन्हा खरवडला. थोडी काव, चिमूटभर काजळ, वर फडक्यानं घासणं, असं करत करत एकदाचा रंग जुळला.

तरी तिचं समाधान होईना. जुन्या पायांवर महाराजांच्या टाचांचे वळ होते. राग आला की महाराज उठून चारही पायांना लाथा घालायचे ना! नवा पाय मात्र कोरा करकरीत. शेवंतीनं नवऱ्याचा जुना जोडा उचलला आणि त्या पायाला बडव बडव बडवलं. बडवताना तिच्या मनातलाही बराच राग निघाला. मग वळांवरून रोगणाचा शेवटचा हात फिरवून ती सिंहासन घेऊन दरबारात हजर झाली.

तपासणी सुरू झाली. प्रधानजींनी जमिनीला नाक टेकवून पाहिलं. "हा पुढचा डावा!" सेनापतींनी चारही पाय हुंगले. "छे! मागचा डावा!" राजवैद्यांनी डोळे मिटून प्रत्येक पायाची नाडी पाहिली आणि म्हणाले, "पुढचा उजवा. याला जरा कणकण आहे!"

एकाचाही दुसऱ्याशी मेळ बसेना. शेवंती मनातून हरखली. पण राजाचं तोंड उतरलं. रवळूची पाठ चांगली उबदार होती, ती सोडणं त्याच्या जिवावर आलं होतं. नाइलाजानं उठून तो सिंहासनावर बसला आणि एकाएकी त्याचे डोळे चमकले.

"नवा पाय कुणालाच सापडत नाही, म्हणजे नवा पाय नाहीच! सिंहासन कधी मोडलंच नव्हतं! तू काही काम केलंच नाहीस! केलं असशील तर सिद्ध कर. पण पाय दाखवायचा नाही हं! दाखवलास की अट मोडली!"

"मेलो!" रवळू पुटपुटला आणि आपणहून पुन्हा ओणवा झाला.

शेवंतीनं नवऱ्याकडे पाहिलं, सिंहासनाकडे पाहिलं, मग महाराजांकडे पाहिलं. पाहतच राहिली. आणि पदर तोंडाला लावून हसली!

"हसतेस काय? दरबार आहे हा!"

"महाराज, मी कशाला दाखवू? आपणच मघापासून सगळ्या दरबाराला दाखवताय!"

"मी?"

"मग डाव्या कडेला असे चिकटून का बसलात? सिंहासनाचा हात गच्च धरलेला, पाठ पुढं, उजवं अंग उचललेलं! नवा पाय प्रधानजींच्या डोळ्यांना सापडला नाही, सेनापतींच्या नाकाला सापडला नाही, वैद्यबुवांच्या बोटांना सापडला नाही. पण उजवीकडून मागं आपटलेली आपली बैठक तो कोपरा विसरली नाही, महाराज! पाय कळला तो बघून नाही, आपटून!"

दरबारानं ओठ दाबून धरले. राजानं खाली वाकून स्वतःकडे पाहिलं. खरंच की! निम्मा राजा सिंहासनाबाहेर लोंबत होता!

आधी त्याच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि तो असा खदखदून हसला की हसता हसता उजवीकडे मागं धाडकन कलंडला! सिंहासन साधं कुरकुरलंसुद्धा नाही.

"घट्ट आहे गं! अगदी घट्ट!" डोळे पुसत राजानं अंगावरची जरीची शाल काढून शेवंतीला पांघरली. "आजपासून राजवाड्यातलं सगळं लाकूडकाम तुझ्या देखरेखीखाली. आणि रवळू, तू पालखीतून घरी जा!"

पालखी आली. रवळूची पाठ काही केल्या सरळ होईना, म्हणून त्याला पालखीत पालथा घातला. भोई निघाले, शेजारून जरीची शाल सावरत शेवंती निघाली, आणि सोनवळचे लोक दोन्ही बाजूंनी वाकून मुजरा करू लागले. या खेपेला मात्र रवळूनं हात उचलला नाही!